एकच माती, दोन उत्तरं

चोडणच्या मामांनी घर बांधायला घेतलं, तेव्हा माती परीक्षणाची फाइल काखेत मारून ते फेरीबोटीनं सरळ रायबंदरला माझ्याकडे आले. चहा यायच्या आधीच पान उघडलं.

"बाय, तू मातीतच काम करतेस ना? मग हे सांग. बोअर एकच, खोली एकच, तीन मीटर. पान नऊवर लिहिलंय, सी चौदा, फाय शून्य. पान अकरावर सी शून्य, फाय चोवीस. एकदा हे शून्य, एकदा ते. मी पैसे मोजलेत. टायपिंगची चूक तर नव्हे?"

चूक नव्हती. दोन्ही पानं बरोबर होती, मातीही एकच होती. तिला प्रश्न दोन वेगळे विचारले होते, म्हणून तिनं उत्तरं दोन दिली. हे मामांना पटवायला मला दोन कप चहा आणि किलोभर तांदूळ लागले.

मामांचा प्लॉट आपल्या गोव्यातल्या कितीतरी घरांसारखाच आहे. मागे डोंगर, पुढे खाजन, म्हणजे भरतीचं पाणी बांधानं अडवून राखलेली चिखलाची शेतजमीन. मागच्या बाजूला तांबडी माती आणि चिरा (जांभा दगड) कापून घराला सपाट जागा करायची, आणि पुढे रस्त्यापासून अंगणापर्यंत दोनेक मीटर भर टाकून गाडी वर येईल असा चढाव करायचा. (खाजनात भर घालता येत नाही. मामांची जागा बांधाच्या अलीकडची, काठावरची आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तोच वाद सुरू होईल.) म्हणजे एकाच प्लॉटवर दोन अगदी वेगळ्या माती, एकीवर ओझं चढणार आणि दुसरीवरचं उतरणार. हे 'चढणार' आणि 'उतरणार' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माती घसरते

लोखंडी सळई ओढून तुटते, काँक्रीटचा ठोकळा दाबून फुटतो. माती मोडते तेव्हा तिचा एक भाग दुसऱ्यावरून घसरतो. दरड कोसळते, घराचा पाया एका बाजूला रुततो, बांध पोटातून फुगून बाहेर येतो. तिन्हीकडे आत कुठेतरी एक पृष्ठभाग असतो आणि त्यावरून माती सरकलेली असते. त्या सरकण्याला माती जास्तीत जास्त किती विरोध करू शकते, ते तिचं कर्तन सामर्थ्य. आम्ही लॅबमध्ये नुसतं 'शिअर' म्हणतो.

हा विरोध दोन वाटांनी येतो. मी मामांपुढे ताटात उकडा तांदूळ ओतला. ढीग झाला, थोडा वर चढला आणि मग कितीही ओता, कडेनं ओघळायला लागला. दाण्यावर दाणा घासतो आणि एकमेकांत अडकतो, म्हणून ढीग उभा राहतो. या घर्षणाचं माप म्हणजे 'फाय', एक कोन. आणखी एक गोष्ट: ढिगावर हात दाबून ठेवला तर दाणे सरकवणं जड जातं. जितका दाब जास्त, तितकं घर्षण जास्त.

आता चवथीची मूर्ती घडवायची चिकणमाती घ्या. तिचा गोळा कापला तर कड ताठ उभी राहते, वर काही दाबलेलं नसलं तरी. या चिकटून राहण्याला 'सी' म्हणतात.

दोन्ही मिळून सूत्र होतं: सामर्थ्य म्हणजे सी, अधिक दाब गुणिले फायचा टॅन. हे मांडलं शार्ल-ऑगुस्तँ द कुलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं. शाळेत विजेच्या धड्यात भेटतो तोच कुलाँ. विजेकडे वळण्याआधी तो आठ वर्षं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता. मातीचा दाब पेलणाऱ्या भिंती कशा उभ्या राहतात, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. तिथून परतल्यावर १७७३मध्ये त्यानं आपला निबंध पॅरिसच्या अकादमीपुढे वाचला, तो छापून आला १७७६मध्ये. आग्वादचा किल्ला त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी, १६१२मध्ये उभा राहिला होता. ज्यांनी तो बांधला त्यांच्याकडे सूत्र नव्हतं, पण भिंत किती जाड ठेवायची याची समज होती. सूत्र आल्यामुळे ती समज वहीत लिहिता आली, एवढंच.

डबा

लॅबमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरळ चाचणी म्हणजे बॉक्स शिअर. पितळेचा किंवा पोलादाचा चौकोनी डबा, आडवा मधोमध कापलेला. आतली माती ६० मिलिमीटर लांब, ६० रुंद, साधारण २५ जाड. खोबऱ्याच्या वडीपेक्षा थोडी मोठी. वरून तरफेला वजनं टांगून दाब द्यायचा, मग खालचा अर्धा डबा यंत्रानं हळूहळू सरकवायचा. वरचा अर्धा एका पोलादी कड्याला टेकलेला असतो, तिला प्रूव्हिंग रिंग म्हणतात. माती जितका विरोध करते तितकी रिंग दबते आणि तिच्यातल्या घड्याळाचा काटा फिरतो. काटा चढत जातो, एका जागी थांबतो, कधी परत उतरतो. जिथे थांबला, तिथे माती हरली.

हे एकदा करून भागत नाही. तीच माती तीन वेगवेगळ्या दाबांखाली तीनदा मोडायची. समजा दाब ५०, १०० आणि १५० किलोपास्कल ठेवले आणि विरोध मिळाला अनुक्रमे ४०, ६७ आणि ९५. आलेखावर तीन ठिपके मांडून रेघ मारली की रेघेचा चढ फाय सांगतो, इथे सुमारे २९ अंश. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ते सी, सुमारे १२ किलोपास्कल. किलोपास्कल म्हणजे किती, तर डब्यातल्या त्या ३६ चौरस सेंटिमीटर मातीवर १०० किलोपास्कल दाब द्यायला साधारण ३७ किलो वजन लागतं. थोडक्यात, दहा-बारा वर्षांचं पोर त्या वडीवर उभं करायचं.

डब्याच्या झाकणावर आणखी एक घड्याळ असतं, माती वर उचलली जाते की खाली दबते ते दाखवणारं. नवीन आलेल्या मुलांना मी आधी तेच बघायला लावते. रेती घट्ट भरलेली असली तर सरकताना ती चक्क फुगते, झाकण वर येतं. कारण एकमेकांत बसलेल्या दाण्यांना सरकायचं तर आधी शेजाऱ्याच्या डोक्यावर चढावं लागतं. हे बघायला लॅबही लागत नाही. मिरामारला ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट रेतीवर पाय ठेवा. पायाभोवतीची रेती क्षणभर पांढरट, कोरडी दिसते. पायाच्या दाबानं रेती फुगली, दाण्यांमधली जागा वाढली आणि वरचं पाणी आत ओढलं गेलं. ऑसबर्न रेनॉल्ड्सनं १८८५मध्ये याचं कारण सांगितलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं किनाऱ्यावर चालत होती आणि कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बॉक्स शिअर स्वस्त आहे, सोपी आहे, म्हणून सगळीकडे होते. पण तिच्यात दोन खोडी आहेत. एक, माती कुठून मोडायची ते आपण आधीच ठरवून टाकतो: डब्याच्या फटीतून. मातीला दुसरीकडे कमकुवत शीर असेल तर ती लपून राहते. दुसरी खोड मोठी. मोडताना मातीतलं पाणी बाहेर जातंय की अडकलंय, यावर आपला ताबा नसतो. रेतीत पाणी झटकन निघून जातं, प्रश्न येत नाही. चिकणमातीत मात्र सगळा खेळ तिथेच आहे, आणि मामांच्या पान नऊ-अकराचं कोडंही.

पाण्याला वेळ मिळाला का?

ताटातले तांदूळ मी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले, वरपर्यंत पाणी घातलं, हवा काढून तोंड गच्च बांधलं आणि वर पाटा ठेवला. "आता सांगा, पाट्याचं वजन तांदळावर आलं की पाण्यावर?"

मामा खाजनात वाढलेले. उत्तर लगेच आलं. "पाण्यावर. पाणी दबत नाही. ते जाणार कुठे?"

तेच. पाणी कोंडलेलं असेपर्यंत वरचं वाढीव ओझं पाणी झेलतं, दाण्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दाण्यादाण्यांतला दाब वाढला नाही, म्हणून घर्षणही वाढलं नाही. आता पिशवीला टाचणीनं भोक पाडा. पाणी झिरपत बाहेर येतं आणि पाट्याचा भार हळूहळू तांदळावर उतरतो. तेव्हा घर्षण वाढतं. मातीच्या ताकदीला मोजायचा तो हा दाण्यांवरचा दाब, एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून उरलेला. १९२०च्या दशकात इस्तंबूलमध्ये शिकवत असताना कार्ल टेर्झागीनं हे मांडलं आणि मातीचं शास्त्र तिथून खऱ्या अर्थानं सुरू झालं. मराठीत त्याला परिणामी प्रतिबल म्हणतात. 'दाण्यांवरचा दाब' म्हटलं तरी भागतं.

टाचणीच्या भोकातून पाणी जायला किती वेळ लागेल? रेतीला सेकंद. मांडवीच्या काठच्या काळ्या चिखलाला मात्र अंतर बघावं लागतं, आणि तेही वर्गानं: अंतर दुप्पट तर वेळ चौपट. लॅबमधल्या नमुन्यात पाण्याला बाहेर पडायला ३८ मिलिमीटर चालायचं असेल आणि त्याला दहा तास लागत असतील, तर त्याच मातीच्या थरात पाच मीटर चालायला साधारण वीस वर्षं लागतात. दहा तास आणि वीस वर्षं, माती तीच. लॅबमध्ये तीन दिवसांत आलेलं उत्तर जमिनीवर कुठल्या काळाला लागू होतं, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

पान नऊ आणि पान अकरा

दोन्ही पानं ट्रायॲक्सियल चाचणीची होती. ही लॅबमधली खरी महाराणी, आणि तिचे नखरेही तसेच. चिखलाचा ३८ मिलिमीटर जाडीचा, ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल कापायचा, त्यावर रबराची पातळ पिशवी चढवायची, वर-खाली रबरी रिंगा घालून सील करायचा आणि पारदर्शक नळकांड्यात उभा ठेवून भोवती पाणी भरायचं. या पाण्याचा दाब वाढवला की नमुना चारी बाजूंनी दाबला जातो, जमिनीत तीन मीटर खाली असताना दाबलेला होता तसा. मग वरून दांड्यानं दाबत न्यायचं, तो मोडेपर्यंत. इथे फट आधीच ठरलेली नसते. कुठून मोडायचं ते माती ठरवते. कधी तिरकी चीर स्पष्ट दिसते, मऊ चिखल मात्र नुसता मध्ये फुगून पिंपासारखा होतो. चीर दिसत नसली तरी तिरक्या पातळीवरचा दाब आणि ओढ काढता येते. ऑटो मोर या जर्मन अभियंत्याच्या वर्तुळावरून ते होतं, १८८२पासून.

या नळकांड्याची किंमत आहे ती तळातल्या नळीत. नमुन्यातलं पाणी तिथून बाहेर सोडायचं की कोंडून ठेवायचं, आणि कोंडलं तर त्याचा दाब किती वाढला, हे सगळं आपल्या हातात असतं. डब्यात जे जमत नव्हतं ते इथे जमतं.

पान नऊवर नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बंद. बाहेरचा दाब लावला, लगेच मोडलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. तीन नमुने, बाहेरचे दाब १००, २०० आणि ३०० किलोपास्कल. तिन्ही मोडले ते जवळपास सारख्याच वाढीव भाराखाली, सुमारे २८ किलोपास्कल. दाब तिप्पट केला तरी ताकद तीच! का? पिशवीला भोक नव्हतं. वाढवलेला दाब सगळा पाण्यानं घेतला. दाब वाढून ताकद वाढत नाही, म्हणजे रेघेला चढ नाही, म्हणजे फाय शून्य. आणि २८च्या निम्मे १४, तो झाला सी. चिखलात घर्षण नाही असा याचा अर्थ नव्हे. घर्षणाला वाढायची संधीच दिली नाही, एवढाच.

पान अकरावर आधी नळी उघडी ठेवून नमुने वेगवेगळ्या दाबांखाली पिळून घेतले, पाणी जाऊ दिलं. मग नळी बंद करून मोडलं आणि मोडताना आतल्या पाण्याचा दाब सतत मोजला. तो वजा केला की दाण्यांवरचा खरा दाब मिळतो. त्या हिशोबानं काढलेली रेघ शून्यातून निघाली आणि चढ मिळाला २४ अंश. सी शून्य, कारण मऊ, ताज्या चिखलात दाण्यांना एकमेकांना बांधणारं फारसं काही नसतंच. आपण हातात घेतल्यावर जे चिकट वाटतं ते बरंचसं पाण्याच्या ओढीचं काम असतं.

ही दुसरी चाचणी करताना नमुन्यात हवेचा बुडबुडा राहून चालत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही, मग मोजलेला दाब खोटा येतो. म्हणून आतूनच पाण्याचा दाब देऊन बुडबुडे विरघळवतात. मग बाहेरचा दाब थोडा वाढवून बघायचं, आतला किती वाढतो. शंभरातले पंच्याण्णव तरी आत पोचले पाहिजेत. कधी त्यातच दोन दिवस जातात. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "अजून एक सॅम्पल मोडता येईना तुम्हाला?" काय सांगणार!

"मग मी कुठलं पान धरू?" मामांनी विचारलं, आणि हाच प्रश्न मला हवा होता.

पुढच्या चढावासाठी पान नऊ. भर टाकतात ती चार-आठ दिवसांत, डंपरनं. चिखलातल्या पाण्याला तेवढ्यात पळायला वेळ नाही. भर टाकल्याचा दिवस हाच सगळ्यात धोक्याचा. तो निभावला की पाणी हळूहळू निघेल, दाण्यांवर दाब येईल, चिखल वर्षावर्षाला घट्ट होत जाईल (आणि खचेलही, तो वेगळा विषय). ढोबळ हिशोब असा: पाणी कोंडलेला चिखल आपल्या सीच्या साधारण पाचपट, नेमकं ५.१४ पट ओझं पेलतो. चौदाच्या हिशोबानं ७२ किलोपास्कल. दाबून बसवलेली माती घनमीटरला साधारण १८ किलोन्यूटन भरते, म्हणजे चार मीटर भर टाकली की चिखल शेजारून फुगून वर येणार. मामांची भर दोन मीटर. निम्म्यावर आहेत, चालेल. सी दहाच्या खाली आला असता तर मी त्यांना भर दोन टप्प्यांत टाका म्हटलं असतं, मध्ये पाऊसकाळ जाऊ देऊन.

मागच्या कापणीचं गणित नेमकं उलटं. तिथे ओझं काढून घेतलं. मातीत पाण्याचा दाब आधी उतरतो, कधी चक्क उणा होतो, आणि ती ओढ मातीला धरून ठेवते. म्हणून कापल्याच्या दिवशी भिंत ताठ उभी दिसते आणि कंत्राटदार म्हणतो, बघा, काय झालं? मग हळूहळू माती पाणी पिते, फुगते, ओढ संपते. धोक्याचा दिवस पुढे असतो. पहिल्या मृगाला असेल, पाच वर्षांनी असेल. तिथे पान अकराच्या जातीची, पाणी हिशोबात धरलेली चाचणी लागते, आणि ती त्या तांबड्या मातीची करायला हवी. मामांच्या फाइलीत मागच्या बाजूचा एकही बोअर नव्हता. मला सगळ्यात खटकलं ते हे.

चिऱ्याच्या खाली काय असतं

चिऱ्यांच्या खाणीची भिंत वर्षानुवर्षं उभी राहते, तासून काढल्यासारखी. लोखंडाच्या संयुगांनी दाणे सिमेंटसारखे बांधलेले असतात, सी भरपूर. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७मध्ये मलबारात या दगडाला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणजे 'लेटर', म्हणून. आपण तर त्याआधीपासूनच चिरे काढून घरं बांधत होतो. पण चिरा ही वरची साय आहे. तिच्याखाली बहुतेक ठिकाणी पिवळट, पांढरट, जांभळट, साबणासारखी मऊ माती असते. ती उन्हाळ्यात कुदळीला दाद देत नाही आणि भिजली की हातात विरघळते.

फाय बाजूला ठेवून साधा हिशोब करा. मातीची उभी कड किती उंच टिकेल? सीची चौपट, भागिले एका घनमीटर मातीचं वजन. कोरडी असताना सी ३० किलोपास्कल असेल तर पावणेसात मीटरच्या आसपास. तीच माती भिजून सी १० झाला तर सव्वादोन मीटर. मामा तीन मीटर कापणार होते, मार्चमध्ये. मार्चमधला नमुना तसाच कोरडा लॅबमध्ये मोडला असता तर रिपोर्ट छान आला असता आणि जुलैत भिंत मागच्या खोलीत आली असती.

ही नुसती कागदावरची भीती नाही. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा खणताना याच जातीच्या मऊ, पाणी धरणाऱ्या मातीनं वर्षानुवर्षं छळलं, पुन्हा पुन्हा ढासळून. गाड्या सुरू होऊन वीस वर्षं उलटल्यावर, २०२०च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसात त्याच बोगद्याच्या आतल्या भिंतीचा भाग कोसळला, आणि २०२४च्या जुलैत आत पाणी आणि चिखल शिरून गाड्या थांबल्या. दूधसागरच्या घाटात २०२१च्या जुलैत दरडीमुळे प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. तारखा बघा, सगळ्या जुलै-ऑगस्टच्या.

म्हणून आमच्या भागात डोंगराकडच्या मातीची शिअर करायची तर नमुना आधी भिजवायचा, पुरता. रिपोर्टमध्ये 'संपृक्त' असा शब्द आहे का ते शोधा. आणखी दोन गोष्टी तांबड्या मातीत हमखास बिघडतात. लहान डब्यात पावणेपाच मिलिमीटरपेक्षा मोठा खडा चालत नाही, म्हणून चाळून घेतात. पण तांबड्या मातीत खडेच निम्मे असतात! मग मोडलेली माती चाळणीखालची, घराखाली असलेली वेगळीच. दुसरं, भट्टीत वाळवणं. ही माती भट्टीत तापली की तिच्यातले लोहाचे कण एकमेकांना कायमचे धरून बसतात आणि पुन्हा भिजवली तरी ती पूर्वीची राहत नाही. नैसर्गिक ओलीत ठेवूनच काम करायचं असतं.

नमुना नावाचं नाजूक प्रकरण

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. चिकणमातीचा दंडगोल रबराशिवाय, पाण्याशिवाय, तसाच उभा करून दाबला की झाली एकअक्षीय चाचणी, यूसीएस. मोडला त्या दाबाच्या निम्मा सी. स्वस्त आणि झटपट, पण रेतीला आणि भेगाळ मातीला निरुपयोगी. दंडगोल करताही येत नाही इतका चिखल मऊ असेल तर चार पात्यांची छोटी रवी त्यात खुपसून सावकाश फिरवतात आणि किती पीळ लागला ते मोजतात, ती व्हेन शिअर. तिचा उपयोग आणखी एका गोष्टीसाठी होतो. एकदा मोडून झालं की तीच माती कालवून पुन्हा मोजायची. माशेलच्या चिखलकाल्यात नाचलेल्याला वेगळं सांगायला नको: पहिला पाय पडतो तेव्हाची माती आणि शंभर पाय पडून गेल्यावरची माती यांत किती फरक असतो. अस्पर्श ताकद भागिले कालवलेली ताकद, याला संवेदनशीलता म्हणतात.

आणि कालवलेली माती नको असताना कालवली जाते, हेच या सगळ्या धंद्याचं दुखणं. लाखांचं यंत्र लॅबमध्ये बसवतात, पण नमुना येतो तो बोअरवरच्या पोऱ्याच्या हातून. मऊ मातीसाठी पातळ भिंतीची नळी सावकाश दाबून घालायची असते. जाड नळी हातोड्यानं ठोकली की आत मिळते ती कालवलेली माती. नळी वर आली की दोन्ही तोंडं मेणानं बंद करायची, सावलीत ठेवायची, गाडीत आडवी लोळवायची नाही. एकदा एका साइटवरून माझ्याकडे नळ्या आल्या त्या उघड्या पिकअपमध्ये, एप्रिलच्या उन्हात, तोंडाला सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबलेला. तीन मीटर खोल चिखलाची ताकद आली टणक मातीएवढी. वाळली होती ना! आकडा देखणा होता, मालक खूश झाला असता. मी तो रिपोर्ट दिला नाही, त्यावरून ऑफिसात बोलणी खाल्ली, पण ते असो.

दुसरी फसवणूक घाईची. मिनिटाला १.२५ मिलिमीटर हा वेग बॉक्स शिअरच्या यंत्रांवर सर्रास लावला जातो. रेतीला तो ठीक. चिकणमाती त्या वेगानं सात-आठ मिनिटांत मोडली तर पाणी धड कोंडलेलंही नसतं आणि धड गेलेलंही नसतं. येणारा आकडा ना पान नऊचा, ना पान अकराचा. तरी तो छापला जातो, खाली भारतीय मानक २७२०, भाग १३ असं लिहून, शिक्क्यासकट. मानकाचा नंबर बघून समाधान मानू नका. नमुना कसा आणला, भिजवला का, पाणी सोडलं की कोंडलं, किती वेळ लावला, एवढं विचारा. सांगता येत नसेल तर आकडाही घेऊ नका.

मामांनी फाइल मिटली. फेरीबोट चुकेल म्हणून निघाले, दारातून परत फिरले. "म्हणजे मागे एक बोअर आणखी घालू म्हणतेस."

"घाला. आणि भिजवून मोडायला सांगा."

पंधरा दिवसांनी मी चोडणला गेले, तर डोंगराकडच्या बाजूला रिग उभी होती. बोअरवाला झाडाखाली जेवत होता. मामा मात्र उन्हातच खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांची छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. ती त्यांनी मेण लावलेल्या दोन नळ्यांवर धरली होती.